गाणे अडते कुठे?

म्युझिक स्ट्रीमर हा गाणे साठवणारा डबा नव्हे, गाणे ओढून आणणारा डबा आहे. इंटरनेटवरच्या एखाद्या सेवेतून किंवा घरातल्याच हार्ड डिस्कवरून तो गाण्याचे तुकडे मागवतो, ते क्रमाने लावतो आणि ॲम्प्लिफायरकडे सोपवतो. काही सेकंद पुरेल एवढा साठा तो आधीच करून ठेवतो. या साठ्याला बफर म्हणतात. साठा संपायच्या आत पुढचा तुकडा आला तर ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. नाही आला तर गाणे थांबते, मग स्क्रीनवर ते गोल फिरणारे चक्र येते आणि घरातले कोणीतरी राउटरची पिन काढायला उठते.

पिन काढण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बहुतेक स्ट्रीमरमध्ये गाणे फोनमधून येत नाही. फोन हा फक्त रिमोट असतो. तो स्ट्रीमरला ‘हे गाणे लाव’ एवढेच सांगतो आणि स्ट्रीमर ते गाणे राउटरमार्फत थेट सेवेकडून घेतो. ब्लूटूथ आणि एअरप्ले हे यातले अपवाद. तिथे गाणे फोनमधूनच जाते. म्हणजे घरात दोन निरनिराळ्या वाटा चालू असतात: गाण्याची एक आणि हुकुमाची एक. गाणे तुटणे आणि ॲपमधून स्ट्रीमर नाहीसा होणे हे दोन वेगळे आजार आहेत, त्यांची औषधेही वेगळी. तक्रार करताना मात्र दोन्हींना ‘वायफाय गेले’ हे एकच नाव मिळते.

दुसरा गैरसमज स्पीडचा. गाणे तुटले की नेटवाला मोठ्या प्लॅनची शिफारस करतो. गाण्याला लागते किती, ते पाहावे. स्पॉटिफायवर बराच काळ वरची मानली गेलेली पातळी ३२० किलोबिट प्रति सेकंद आहे. सीडीतला आवाज कोणतेही आकुंचन न करता पाठवला तर १,४११ किलोबिट लागतात, म्हणजे दीड मेगाबिटही नाही. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ या चोखंदळ कानांच्या दर्जालासुद्धा ९.२ मेगाबिट पुरतात, आणि फ्लॅकसारख्या पद्धतीने बांधल्यावर त्याहून बरेच कमी. ३० मेगाबिटच्या साध्या जोडणीत हे सगळे सहज बसते. स्ट्रीमरला वेग फारसा नको असतो, सातत्य हवे असते. चित्रपट पाहताना क्षणभराचा अडथळा एक वेळ खपून जातो; गाण्यात तेवढ्याने ताल सुटतो. म्हणून शंभर मेगाबिटचा प्लॅन घेऊनही गाणे तुटत राहिले, तर त्यात आश्चर्य काही नाही. दुखणे बहुधा शेवटच्या पंधरा-वीस फुटांत असते, राउटर आणि स्ट्रीमर यांच्यामधल्या हवेत.

ही हवा किती दाट असू शकते ते पाहायला मुंबईत कफ परेडच्या मच्छीमार नगरसारखी जागा नाही. बधवार पार्कच्या शेजारी, बॅकबेच्या काठावर ही कोळी वस्ती आहे. पुढे समुद्र, होड्या आणि जाळी. पाठीशी उंच इमारतींची रांग. वस्तीतली घरे भिंतीला भिंत लावून उभी. कुठे विटांची भिंत, कुठे काँक्रीटचा स्लॅब, कुठे पत्र्याचे छप्पर, त्यावर चढवलेला पोटमाळा, बाहेरून लोखंडी जिना. अशा वस्तीत घरोघरी राउटर असला की एका खोलीत उभे राहून फोनवर वायफायची यादी उघडावी, आपले नाव शोधायला बोट सरकवत जावे लागते. उंच इमारतींतल्या राउटरांचा क्षीण आवाजही काचांतून बाहेर पडतो आणि खालच्या बसक्या छपरांवर उतरतो, कारण मध्ये अडवायला काही नसते.

वायफायचा नियम धक्क्यावरच्या शिस्तीसारखा आहे. धक्क्याला एका वेळी एकच होडी लागते, बाकीच्यांनी थांबायचे. वायफायचे प्रत्येक उपकरण बोलण्याआधी कान देते: या चॅनेलवर आत्ता कोणी बोलते आहे का? कोणी बोलत असेल तर थांबते, मग थोडा वेळ मनाशी मोजून पुन्हा कान देते. शेजाऱ्याचा राउटर त्याच चॅनेलवर असेल तर त्याच्या घरातली मालिका संपेपर्यंत आपल्या गाण्याच्या तुकड्यांना मधल्या फटींतून वाट काढावी लागते. इथे चोर-पोलीस काही नाही, शेजाऱ्याने पासवर्ड चोरलेला नाही. धक्का एकच आहे, एवढेच.

या धक्क्यावर कोणीही होडी लावावी, ही मोकळीक सरकारनेच दिलेली आहे. पूर्वी ती नव्हती. रेडिओ क्लबच्या हौशी मंडळींनी १९२३ मध्ये मुंबईत प्रक्षेपणाचे सुरुवातीचे प्रयोग केले. त्यानंतर कित्येक दशके या देशात नुसता रेडिओ ऐकायलाही परवाना लागत असे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये आणि ५ गिगाहर्ट्झचा विस्तृत पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये परवानामुक्त झाला, म्हणून घरोघरी राउटर लावता आले. परवाना नाही म्हणजे हक्कही नाही. शेजाऱ्याच्या लहरी आपल्या घरात येतात याची तक्रार करायला खिडकी नाही. जुळवून घेणे एवढाच मार्ग.

तपासाला सुरुवात करताना एकच पथ्य पाळावे: एका वेळी एकच गोष्ट बदलावी. राउटर रीस्टार्ट, स्ट्रीमर रीसेट, नवा पासवर्ड आणि जागाबदल हे सगळे एकाच संध्याकाळी केले तर गाणे सुरू होईलही, पण कशामुळे सुरू झाले ते कळणार नाही, आणि आठवड्याने ते पुन्हा थांबेल. पहिली चाचणी सगळ्यांत मोलाची आहे. स्ट्रीमर उचलून राउटरजवळ न्यावा आणि दोघांना लॅन केबलने जोडावे. तारेवरही गाणे तुटत असेल तर हवा निर्दोष आहे; दोष इंटरनेटच्या जोडणीत, गाण्याच्या सेवेत किंवा स्ट्रीमरच्या आत शोधावा. फायबरच्या डब्यावरचा ‘एलओएस’ दिवा लाल झाला असेल तर प्रश्न बहुधा घराच्या बाहेर सुटायचा आहे. छपरांवरून गेलेली केबल कुठेतरी तुटली असावी. तारेवर गाणे नीट वाजले आणि तार काढताच तुटले, तर मात्र हवेकडे वळावे. दुसरी चाचणी याला पूरक आहे: राउटरला लावलेल्या पेनड्राइव्हमधले किंवा हार्ड डिस्कवरचे गाणे लावून पाहावे. घरचे वाजते आणि इंटरनेटवरचे नाही, तर राउटर आणि स्ट्रीमरचे भांडण नाही.

हवेतली ताकद डीबीएम या उण्या आकड्यांत मोजतात. फोनवरच्या कुठल्याही वायफाय तपासणीच्या ॲपमध्ये हा आकडा दिसतो, बऱ्याच स्ट्रीमरच्या सेटिंगमध्येही असतो. शून्याच्या जेवढा जवळ तेवढा बलवान. उणे ५० उत्तम. उणे ६७ पर्यंत गाण्याला अडचण नसावी. उणे ७५ नंतर रडगाणे. हे आकडे सरळ चालीचे नाहीत. ३ने घसरले की ताकद निम्मी होते, १०ने घसरले की दहावा हिस्सा उरते. म्हणजे उणे ५७ आणि उणे ६७ यांत दिसायला दहाचाच फरक, पण प्रत्यक्षात दसपटीचा.

आकडा घेताना फोन स्ट्रीमरच्या जागी ठेवून घ्यावा, खोलीच्या मधोमध उभे राहून नव्हे. स्ट्रीमर बहुधा शोकेसच्या खणात, टीव्हीच्या मागे, भिंतीला पाठ लावून बसलेला असतो. त्याचा अँटेना अनेकदा मागच्या बाजूला असतो आणि पेटी धातूची असते, म्हणजे अँटेनाच्या एका बाजूला धातू आणि दुसऱ्या बाजूला भिंत. फोनला खोलीत चार काड्या दिसतात म्हणून स्ट्रीमरलाही तेवढेच मिळते असे नाही. शिवाय काड्या एकाच दिशेची गोष्ट सांगतात. राउटरची हाक स्ट्रीमरला ऐकू येते हे त्यातून कळते. स्ट्रीमरचा हुंकार राउटरपर्यंत पोचतो का, हे कळत नाही. राउटर मोठ्याने बोलतो, स्ट्रीमरचा आवाज बारीक असतो. वायफायमध्ये प्रत्येक तुकड्याला ‘मिळाला’ अशी पोच द्यावी लागते. पोच आली नाही की राउटर तोच तुकडा पुन्हा पाठवतो. ‘रेंज फुल्ल आहे, तरी अडकते’ या जुन्या तक्रारीचे मूळ अनेकदा इथे असते. राउटरची ताकद वाढवून यावर उपाय होत नाही. दोघांना जवळ आणावे लागते.

भिंती सारख्या नसतात. प्लायवुडचे पार्टिशन लहरींना जवळजवळ मोकळे सोडते, विटांची भिंत थोडे खाते, सळयांचा स्लॅब पुष्कळ खातो आणि पत्रा तर परतच पाठवतो. वस्तीतल्या घरांत पत्र्याचे आणखी अवतार असतात: भांड्यांची स्टीलची मांडणी, गोदरेजचे कपाट, फ्रिज, लोखंडी जिना, आरशामागचा चंदेरी थर. पोटमाळ्यावर राउटर आणि खाली स्ट्रीमर, मध्ये लोखंडी अँगलवर टाकलेला पत्रा, ही जोडी सरळ रेषेत सात फुटांवर असूनही एकमेकांना नीट ऐकू शकत नाही. पाणीही लहरी शोषते. भरलेली टाकी, माशांचे काचेचे टाके आणि माणसाचे शरीर, हे सगळे लहरींच्या हिशेबात पाणीच.

परावर्तनाचा एक गमतीदार परिणाम मात्र फुकटात उपयोगी पडतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण १२ सेंटिमीटर असते, ५ गिगाहर्ट्झची सहाच्या आत. थेट आलेली लहर आणि पत्र्यावर आपटून आलेली लहर काही ठिकाणी एकमेकींना पूरक ठरतात, काही ठिकाणी एकमेकींना पुसून टाकतात. पुसलेली जागा आणि भरलेली जागा यांत कधी कधी वीतभरच अंतर असते. म्हणून खर्चाच्या वाटेला जाण्याआधी स्ट्रीमर वीतभर डावीकडे, वीतभर पुढे असा सरकवून पाहावा. हे टोटक्यासारखे वाटते, पण यामागे शाळेतले भौतिकशास्त्र आहे. राउटर देव्हाऱ्याच्या उंचीवर, उघड्यावर, धातूपासून दूर ठेवावा. त्याचे अँटेने उभे असले की लहरी आडव्या पसरतात. घर दोन मजली असेल तर एक अँटेना आडवा करावा.

२.४ की ५, हा प्रश्न यानंतरचा. २.४चा पट्टा लांब जातो, भिंती थोड्या बऱ्या ओलांडतो, पण अरुंद आहे. भारतात त्यात १३ चॅनेल दिसतात, पण ते एकमेकांवर चढलेले असतात. एकमेकांना न टेकणारे तीनच: १, ६ आणि ११. ज्याने ‘३ मोकळा दिसतो’ म्हणून ३ निवडला, त्याने १ आणि ६ या दोन्हींचा गोंगाट ओढवून घेतला. दाट वस्तीत ३, ४ किंवा ९ निवडणे म्हणजे दोन रांगांच्या मध्ये उभे राहणे. दोन्हीकडचे धक्के खावे लागतात. या पट्ट्यात रुंदीही २० मेगाहर्ट्झच ठेवावी. राउटरच्या सेटिंगमध्ये ४० असते तिथे वेग वाढल्याचा भास होतो आणि शेजाऱ्यांच्या दोन रांगा अडतात.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा रुंद आहे, आणि भिंतींत लवकर विरतो हा त्याचा दोष दाट वस्तीत गुण ठरतो: शेजाऱ्याचे वायफाय शेजाऱ्याच्या घरातच राहते. राउटर आणि स्ट्रीमर एकाच खोलीत असतील तर बिनदिक्कत ५ घ्यावे. एक भानगड मात्र आहे. या पट्ट्यातले ५२ ते १४४ क्रमांकांच्या दरम्यानचे चॅनेल रडारशी वाटून घेतलेले आहेत. अशा चॅनेलवर बसण्याआधी राउटर साधारण मिनिटभर नुसता ऐकतो, आणि रडारसारखी स्पंदने ऐकू आली की दहा सेकंदांत चॅनेल सोडतो. कुलाबा म्हटले की रडार आठवणारच, पण तिथला हवामान खात्याचा डॉप्लर रडार एस पट्ट्यात, ३ गिगाहर्ट्झच्या आत चालतो. त्याचा वायफायशी संबंध नाही. जहाजांचे दिशादर्शक रडारही ३ आणि ९ गिगाहर्ट्झच्या आसपास असतात. मुंबईत २०२२ मध्ये जोगेश्वरीच्या वेरावलीला सुरू झालेला हवामान रडार मात्र सी पट्ट्यातला, म्हणजे वायफायच्या भावकीतला. त्याची स्पंदने कफ परेडच्या घरात पोचतीलच असे नाही, पण राउटर कधी कधी दुसऱ्याच कशाला रडार समजून दचकतो. गाणे अचानक थांबते, मिनिट-दोन मिनिटे नेटवर्कच गायब होते आणि मग सगळे आपोआप सुरू होते, अशी खूण दिसली तर चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांपैकी एकावर पक्का बांधून टाकावा. ‘ऑटो’ हा शब्द दिसायला सोयीचा, पण राउटर ऑटोवर असला की चॅनेल कधी बदलेल याचा नेम नाही.

घरातले उपद्रवी थोडेच, पण ओळखीचे. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. दाराच्या फटीतून सुटणारा त्याचा अंश माणसाला त्रास देत नाही, पण वायफायला देतो. तो दर सेकंदाला ५० वेळा चालू-बंद होतो, म्हणून गाणे पूर्ण बंद न पडता खरखरीसारखे अडखळते आणि ‘टिंग’ झाले की सुधारते. दुसरा उपद्रवी स्ट्रीमरच्या हौशी लोकांनी स्वतःच आणलेला असतो: यूएसबी ३ची हार्ड डिस्क. तिच्या वेगवान तारेतून निघणारा विद्युत गोंगाट नेमका २.४च्या पट्ट्यात सांडतो. गाण्यांची डिस्क स्ट्रीमरला लावली आणि त्याच दिवसापासून वायफाय बिघडले, तर डिस्क हातभर लांब ठेवावी किंवा यूएसबी २च्या खाचेत लावावी. गाण्याला तेवढा वेग पुरतो. ब्लूटूथ त्या मानाने समंजस. सेकंदाला १,६०० वेळा जागा बदलत तो गर्दी टाळतो.

काही वेळा गाणे तुटण्याचा प्रश्नच येत नाही, कारण स्ट्रीमर मुळात जोडलाच जात नाही. नव्या राउटरनंतर हे हमखास घडते. अनेक स्ट्रीमरांत फक्त २.४ची चिप असते. राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाने दाखवतो, फोन ५वर बसतो आणि पहिल्या जोडणीत दोघांची भेटच होत नाही. अशा वेळी दोन पट्ट्यांना दोन नावे द्यावीत, निदान जोडणीपुरती. सुरक्षा पद्धत नुसती ‘डब्ल्यूपीए३’ असेल तर जुन्या स्ट्रीमरला ती समजत नाही. ‘डब्ल्यूपीए२’ किंवा दोन्हींची मिश्र पद्धत ठेवावी. नेटवर्कच्या नावाबाबत मराठी घरांसाठी एक खास सूचना. नावाला ३२ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षर एका बाइटात बसते. देवनागरीत अक्षर, काना, वेलांटी आणि हलन्त यांतल्या प्रत्येकाला तीन बाइट लागतात. ‘कोळीवाडा’ २४ बाइटांत बसते. ‘मच्छीमार नगर’ मात्र मधल्या जागेसह ३४ बाइट होते, म्हणजे पुरे मावतच नाही. जे मावते तेही काही स्ट्रीमरांच्या पडद्यावर चौकटी आणि प्रश्नचिन्हे होऊन येते. अभिमान दाराच्या पाटीवर असावा, राउटरला साधे इंग्रजी नाव बरे.

पत्त्याची भानगड हळदीच्या रात्री उघडी पडते. राउटर प्रत्येक उपकरणाला १९२.१६८.१.१०० असा एकेक पत्ता देतो, काही काळासाठी, बहुधा २४ तासांसाठी. किती पत्ते वाटायचे याची सीमा ठरलेली असते, समजा पन्नास. हळदीला पाहुणे आले, प्रत्येकाने पासवर्ड विचारून फोन जोडला, रात्री नऊलाच पत्ते संपले. पाहुणा घरी गेला तरी त्याच्या फोनचा पत्ता दुसऱ्या दिवसापर्यंत अडून राहतो. अशात कोणी स्ट्रीमर बंद करून चालू केला आणि त्याच्या पत्त्याची मुदत आधीच संपलेली असली, की त्याला पत्ता मिळत नाही आणि तो स्वतःच १६९.२५४ने सुरू होणारा एक पत्ता लावून घेतो. हा आकडा दिसला की समजावे, राउटरशी बोलणे झालेलेच नाही. त्यात खोली माणसांनी भरलेली, म्हणजे राउटर आणि स्ट्रीमरच्या मध्ये पाण्याच्या चालत्याबोलत्या भिंती. आठवडाभर नीट वाजणारे कोळीगीत ऐन नाचात बंद पडते ते असे. उपाय आधी करायचे असतात: राउटरमध्ये स्ट्रीमरसाठी एक पत्ता राखून ठेवावा, पत्त्याची मुदत दोन-तीन तासांवर आणावी, पाहुण्यांना वेगळे गेस्ट नेटवर्क द्यावे आणि त्या रात्रीपुरता स्ट्रीमर तारेने जोडावा.

गेस्ट नेटवर्क पाहुण्यांसाठी चांगले, स्ट्रीमरसाठी घातक. त्यावरच्या उपकरणांना एकमेकांशी बोलू दिले जात नाही. फोन किंवा स्ट्रीमर चुकून त्यावर गेला की इंटरनेट चालते, पण ॲप म्हणते, ‘उपकरण सापडले नाही.’ हुकुमाच्या वाटेवरचा हा दुसरा आजार. ॲप स्ट्रीमरला नावाने शोधत नाही. ते सगळ्या घराला उद्देशून हाळी देते आणि स्ट्रीमर ‘ओ’ देतो. तांत्रिक भाषेत हे मल्टिकास्ट. वायफायवर अशी हाळी सगळ्यांत कमी वेगाने जाते आणि तिला पोच नसते, त्यामुळे गर्दीत ती हरवते. राउटरमधली ‘आयजीएमपी स्नूपिंग’ नावाची सोय ही हाळी हव्या त्याच उपकरणांपर्यंत पोचवण्यासाठी असते, पण ती नीट लिहिलेली नसेल तर काही मिनिटांनी स्ट्रीमरचे नाव यादीतून गाळते. गाणे वाजत राहते, पण थांबवता येत नाही. ही खूण दिसली तर ती सोय बंद करून पाहावी. आधीच बंद असेल तर चालू करून.

याच आजाराचे आणखी एक कारण मुंबईच्या घरांत सर्रास दिसते. फायबरवाल्याने दिलेल्या पांढऱ्या डब्यातच वायफाय असते, आणि ते कमी पडते म्हणून घरच्यांनी आणखी एक राउटर आणलेला असतो. आता घरात दोन नेटवर्के झाली. फोन एकावर, स्ट्रीमर दुसऱ्यावर. दोघांनाही इंटरनेट मिळते, पण एकमेकांची तोंडे दिसत नाहीत. दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ पद्धतीवर टाकला की दोन घरांचे पुन्हा एक घर होते.

वेळेवरून निदान होते, म्हणून गाणे कधी तुटले ते दोन-तीन दिवस कागदावर लिहून ठेवावे. बरोबर तासातासाने तुटत असेल तर राउटर दर ३,६०० सेकंदांनी गुप्तकिल्ली बदलत असतो आणि स्ट्रीमर त्या बदलात मागे पडतो. ही मुदत वाढवता येते. रोज रात्री नऊ ते अकरा तुटत असेल तर शेजारपाजारची गर्दी. वीज जाऊन आल्यावरच तुटत असेल तर चालू होण्याचा क्रम चुकतो: स्ट्रीमर अर्ध्या मिनिटात जागा होतो, फायबरचा डबा आणि राउटर दोन-तीन मिनिटे घेतात, तोवर स्ट्रीमर वाट पाहून थकलेला असतो. आधी डबा, मग राउटर, शेवटी स्ट्रीमर हा क्रम ठेवावा. रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर बांधलेल्या स्ट्रीमरची आणखी एक खोड असते. त्याच्या बऱ्याच आवृत्त्यांत स्वतःचे घड्याळ नसते. वीज गेली की तो तारीख विसरतो, आणि तारीख चुकली की संगीतसेवांची सुरक्षा-प्रमाणपत्रे त्याला खोटी वाटतात. घरचे गाणे वाजते, सेवा मात्र आत घेत नाही. इंटरनेटवरून वेळ मिळाली की तो भानावर येतो.

पावसाळ्यात वायफाय मंदावते, हा समज किनाऱ्यावर पक्का आहे. खोलीभराच्या अंतरात पावसाचा किंवा दमट हवेचा या लहरींवर मोजण्याइतका परिणाम होत नाही. खरा शत्रू खारी हवा आहे, आणि तिला ऋतू नसतो. लॅन केबलच्या टोकाच्या पट्ट्या, ॲडॉप्टरची पिन आणि अँटेन्याचा आटा यांवर हिरवट-पांढरा थर धरतो, स्पर्श कच्चा होतो आणि जोडणी हलवली की चालते, सोडली की बंद. ॲडॉप्टर हा तर सगळ्यांत दुर्लक्षित संशयित. बारा व्होल्टच्या त्या छोट्या ठोकळ्यातले कपॅसिटर उष्णतेने सुकतात. पत्र्याखालच्या उन्हाळ्यात अधिकच लवकर. दिवे लागलेले असतात, पण भार वाढला की राउटर क्षणभर डोळे मिटतो. नवा राउटर घेण्याआधी त्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा ॲडॉप्टर लावून पाहावा, खर्च फार होत नाही.

इतके करूनही गाणे अडत असेल तर मधली जागा भरून काढावी लागते. स्वस्त रिपीटर मोहात पाडतो, पण एकच रेडिओ असलेला रिपीटर प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा पाठवतो. आधीच भरलेल्या धक्क्यावर आणखी एक होडी. मेश, म्हणजे मिळून काम करणाऱ्या डब्यांचे जाळे, बरे; त्यातही ज्याचे डबे तारेने जोडता येतात ते. वेगळा, मोकळा पट्टा असल्याखेरीज मेशचे डबेही आपसात त्याच हवेतून बोलतात.

खात्रीचा इलाज मात्र तारच. बहुतेक स्ट्रीमरांच्या पाठीशी लॅनची खाच असते आणि ती बहुतेक घरांत रिकामी असते. साधी कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत चालते. वस्तीतल्या कोणत्याही घरात राउटरपासून स्ट्रीमरपर्यंत एवढे अंतर निघत नाही. केबल छताच्या कडेने, विजेच्या तारांपासून हातभर अंतर ठेवून न्यावी. बाहेरून, जिन्याजवळून न्यायची असेल तर काळ्या आवरणाची, उन्हापावसाची घ्यावी, आणि घरात शिरण्याआधी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी तारेवरून आत न येता तिथेच ठिबकते. घेताना आतली तार निखळ तांब्याची आहे का, ते विचारावे. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण वाकवताना तुटते आणि खाऱ्या हवेत तिचे टोक तांब्याच्या कितीतरी आधी सडते.